सगळा दोष पट्टीचा

"मंजुळे, तुज्या नवऱ्याची देवी परत माज्या पाटीत आली बघ."

जमुनाने हे मंजुळाच्या कानात, ओठ फारसे न हलवता म्हटले. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. देवीचा मालक पुढ्यातच, हातभर अंतरावर, टेम्पोचे हँडल धरून बसला होता. मंजुळाने खाली पाहिले. जमुनाच्या पाटीत, बोंबलांच्या ढिगावर, चौकटीतली देवी उताणी पडून टपाकडे शांतपणे बघत होती. देवी कोळ्यांचीच, तिला मासळीचा विटाळ नव्हता. पण रोज उठून पाटीत यायचे म्हणजे तिलाही काही वाटत असेलच.

मंजुळाने चौकट उचलली, पदराने पुसली आणि पुढे केली. "अवो, देवी."

"पडली?" पुंडलिकने मागे न बघता विचारले.

"पडली."

"गोंद कच्चा."

"गोंदच कच्चा," मंजुळा म्हणाली.

"गोंदच तो," कोपऱ्यातून म्हातारी काशीबाई म्हणाली.

"हल्ली कसला गोंद नि कसलं काय," शालू म्हणाली. आणि जमुना, जिच्या मांडीवर मघाशी आख्खी पाटी उडून पुन्हा बसली होती, तीसुद्धा पाटीवरचे केळीचे पान सारखे करत म्हणाली, "भेसळ हाय गोंदात. दुसरं काय."

मग बोईसरचा बाजार येईपर्यंत सगळ्या आपापल्या पाट्या धरून बसल्या.

दांडी गावात पुंडलिकला पुंडलिक म्हणणारे थोडे. बाकीच्यांना तो तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, त्याच्या शब्दावर होडीतले सगळे उठायचे नि बसायचे. एका वादळात बाकीच्या होड्या किनारा शोधत फिरत असताना याने आपली होडी अंधारात, नुसत्या पाण्याच्या वासावर घरी आणली होती असे गावात सांगत. त्या होडीत जमुनाचा नवरा होता, शालूचा सासरा होता, काशीबाईचा भाऊ होता. वासाचे खरे-खोटे देव जाणे, पण ती माणसे घरी येऊन जेवली होती एवढे नक्की.

पुढे जाळी ओढून ओढून त्याचा उजवा खांदा गेला. हात डोक्यावर जाईना. होडी धाकट्या भावाकडे गेली, आणि एक आख्खा पावसाळा पुंडलिक किनाऱ्यावर उपड्या होडीशेजारी बसून राहिला. तो चिडला नाही, रडला नाही, दारूही प्याला नाही. मंजुळाला ओट्यावरून त्याची पाठ तेवढी दिसे. नवऱ्याचा राग बाईला सोसतो, रुसवा सोसतो. नुसती पाठ सोसत नाही.

म्हणून त्याने तीनचाकी डिझेलचा टेम्पो आणला, मागे समोरासमोर दोन बाकडी बसवली आणि "उद्यापासून बोईसरच्या बाजाराला बायका माज्या गाडीने जातील" असे सांगितले, तेव्हा मंजुळाने देवीला नारळ दिला. पाठ सरळ झाली होती. तिला तेवढेच हवे होते. मग टेम्पो चालला काय नि उडला काय.

आणि तो उडत असे.

त्याचे असे की, पुंडलिक गाडी शिकला ती ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. तिथे ना समोरून कुणी येत, ना आडवे कुणी जात. गाडीवर हात बसला, पण आतला माणूस तांडेलच राहिला. दर्यात थांबायला ब्रेक नसतो. किनारा दिसला की इंजिन बंद करायचे आणि होडी आपल्या वेगाने लागू द्यायची. तसे तो बाजार दिसला की इंजिन बंद करी. मग टेम्पो कधी बाजाराच्या अलीकडेच थांबे आणि बायका उतरून ढकलत, कधी बाजार ओलांडून सायकलवाल्याच्या दुकानात नाक खुपसून उभा राही. सुकाणू उजवीकडे दाबले की होडी डावीकडे वळते. तो हिशोब मनगटात इतका मुरला होता की प्रत्येक वळणावर टेम्पो आधी थोडा भलतीकडे जाई, मग आठवण झाल्यासारखा परत येई.

पण हे सगळे चालण्यासारखे होते. खरी गोष्ट कुंभवलीजवळच्या गतिरोधकाची. एका कारखान्याच्या फाटकासमोर कुणीतरी डांबराचा असा उंच बांध घातला होता की बैलगाडीसुद्धा त्याला नमस्कार करून चढे. पुंडलिकला मात्र त्यात लाट दिसे. आणि लाट कशी घ्यायची हे त्याला बापाने शिकवलेले: बिचकायचे नाही, आडवे व्हायचे नाही, तोंडावर घ्यायची आणि घेताना इंजिनाला जोर द्यायचा. हळू झालास की पाणी आत. बांध दिसला की तो खांदे सरळ करी, नाकपुड्या फुगवी आणि मूठ पिळी. टेम्पो चढे, क्षणभर कुठेच नसे, आणि मग सगळेच एकदम परत येई. टेम्पो रस्त्यावर, बायका बाकड्यावर, देवी पाटीत.

पहिल्या दिवशी देवी पडली तेव्हा पुंडलिकने विचारले होते, "कशी काय पडली?" सगळ्या बायकांनी मंजुळाकडे पाहिले. मंजुळाच्या तोंडून निघून गेले, "गोंद कच्चा असंल." तिथून हे सुरू झाले.

खरे तर समोरच्या पत्र्यावर इतक्या वस्तू लावायचे कारणच नव्हते. पण होडीवर जे बांधलेले नाही ते दर्याचे, हा तांडेलाचा कायदा. देवी, घरातले गोल घड्याळ, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आणि तंबाखूची डबी, सगळे आपापल्या जागी, हाताच्या टप्प्यात हवे. बांधायला आकडा हवा, आकड्याला भोक हवे, आणि भोक पाडले की दांडीच्या खाऱ्या हवेत पत्रा पावसाळ्याच्या आत गंजून चाळण होणार. तेव्हा चिकटवणेच आले. बरे, कायमचे चिकटवूनही चालेना. घरात घड्याळ एकच. सकाळी ते टेम्पोत, संध्याकाळी घरात. देवीही संध्याकाळी दिव्याला घरी यायची. दोन्हीकडून चिकटणारी फीत लावून पाहिली, तर घड्याळ संध्याकाळी निघेना, आणि निघाले ते टेम्पोचा निळा रंग पाठीला घेऊन निघाले.

म्हणून बाजार उरकल्यावर नवराबायको चंद्रभानच्या दुकानात गेली. बोईसर स्टेशनाजवळ त्याचे गाडीच्या सामानाचे दुकान होते. माणूस मूळचा उत्तरेकडचा, पण इतकी वर्षे इथे काढलेली की हिंदी बोलता बोलता मराठीत येई आणि कुठून आला ते विसरे.

"निकालने का भी है, लगाने का भी है," चंद्रभानने मान डोलावली. "मग ही घ्या भाभी, चर्रपट्टी." त्याने दोन गुंडाळ्या काढल्या. एकीवर बारीक काटे, दुसरीवर मऊ मखमल. एकमेकींवर दाबली की धरते, ओढली की चर्रर्र करून सुटते. पाठीला गोंद. "अब बोलो, सामान कितना भारी? कुठे लावणार? पत्रा, लाकूड, भिंत? रोज काढणार की सणावाराला? धूप लगेगी? पाणी लागेल?"

मंजुळा गोंधळली. मासळी विकताना गिऱ्हाईक इतके प्रश्न विचारत नाही, आणि विचारले तर ती पाटी झाकून पुढे जाते. "देवी हाय, घड्याळ हाय, पंखा हाय," ती म्हणाली. "भारी म्हंजे... देवी ती देवी."

"बराबर. काटा गाडीला, मखमल सामानाला. पहले सफाई. तेल नको, पाणी नको, धूळ नको. दाबून लावायची, एक दिवस हात नाही लावायचा."

तेल नको, पाणी नको. दांडीत असे ठिकाण असते तर माणसांनी तिथेच जाऊन राहायचे ठरवले असते. पुंडलिकने पत्रा रॉकेलने पुसला, कारण इंजिनाचे सगळे रॉकेलनेच पुसतात. रॉकेलवर गोंद धरेना म्हणून साबणाने धुतला, साबण राहिला म्हणून खाडीच्या पाण्याने. मीठ राहिले ते कुणाला दिसले नाही.

पट्टी लावायची वेळ आली तेव्हा दोघांनी काम वाटून घेतले. टेम्पो त्याचा, वस्तू तिच्या. पुंडलिकने दुकानदाराने सांगितले तसे पत्र्याला काटा लावला. मंजुळाने मात्र घरी बसून विचार केला, आणि तिथेच बिघडले. टेम्पोत काटा लावला तर चढता-उतरता बायकांचे पदर अडकतील, त्यापेक्षा काटा वस्तूंच्या पाठीला बरा. तिने देवीला काटा लावला, घड्याळाला काटा लावला, आणि घरातल्या फळीला मखमल.

घरात घड्याळ झकास बसले. सकाळी टेम्पोत नेले तर काट्यावर काटा. खर्र आवाज करून घड्याळ खाली.

"घरात चिकटतं, गाडीत नाय," पुंडलिक घड्याळ हातात फिरवत म्हणाला. "ही घरातली पट्टी दिली त्याने. गाडीची वेगळी असंल."

"पट्टीला काय माहीत घर कुठलं नि गाडी कुठली?"

"दर्याचा दोर वेगळा, विहिरीचा वेगळा. तशी पट्टी."

दुपारी तो डिझेलला गेल्यावर मंजुळाच्या लक्षात आले की काट्याला मखमल लागते. तिने गुपचूप वस्तूंचे काटे उपटून मखमल लावली. चूक झाली होती ती कशाला सांगायची. इकडे डिझेलच्या रांगेत पुंडलिकच्याही तेच लक्षात आले. त्यानेही गुपचूप पत्र्याचा काटा उपटून मखमल लावली. चूक त्याची नव्हती, पण तांडेल वाद घालत नाही, दोर बदलतो.

दुसऱ्या दिवशी मखमलीवर मखमल. खर्र आवाजही नाही. घड्याळ मांजरीसारखे अलगद घसरले आणि काशीबाईच्या ओटीत गेले.

जमुनाने दोन्ही पट्ट्या निरखल्या. "एक नवरा लागतो, एक बायको लागते," ती म्हणाली. "काल तुमी दोन नवरे समोरासमोर उभे केले. आज दोन बायका. कशा नांदतील?"

"नवरा कुठला त्यात?" शालूने विचारले.

"काट्याचा."

काशीबाई हसली ती थेट नवापूर नाक्यापर्यंत हसत होती. पुंडलिकही हसला. त्याच्या हसण्याने मंजुळाला इतके बरे वाटले की आता हे प्रकरण मिटले असेच तिने धरले.

शेवटी काटा गाडीला आणि मखमल वस्तूला झाली, दाबून झाली, एक दिवस कुणी हात लावला नाही. देवी बसली. घड्याळ बसले. पुंडलिकने पंखा हलवून पाहिला, हलला नाही. "आता वादळ आलं तरी हरकत नाय," तो म्हणाला.

वादळ आले नाही. कुंभवलीचा बांध आला.

देवी पाटीत, घड्याळ खाली, पंखा वायरीला लोंबकळत. तंबाखूची डबी कुठे गेली ते बाजारात कळले, एका बाईने पापलेटाच्या कल्ल्यातून ती काढून दाखवली तेव्हा.

"काढ-घाल करून गोंद मेला," पुंडलिक म्हणाला.

"मेला," सगळ्या म्हणाल्या.

मग पट्टी हा दांडीच्या बायकांचा विषयच झाला. बाजारात ओळीने बसल्या की मासळीच्या भावाआधी पट्टी निघे. शालूचे म्हणणे, खारी हवा. जमुनाचे म्हणणे, मासळीचे तेल. हवेत असते, दिसत नाही. काशीबाई म्हणाली, उन्हाळ्यात बनवलेली पट्टी पावसाळ्यात धरायची नाही, पापडाचेही तसेच असते. कुणी म्हणाली चार बोटे पट्टी लावा, कुणी म्हणाली वीतभर. मंजुळाने वीतभर लावली. मग उभी लावली, आडवी लावली, फुलीसारखी लावली. समोरच्या पत्र्यावर इतका काटा झाला की शालूचा नायलॉनचा पदर त्याला लागला आणि ती उतरली तेव्हा पदर टेम्पोतच राहिला. एकदा पुंडलिकने भावाचे जाळे दुरुस्तीला पुढे ठेवले. ते काट्यात असे गुंतले की जाळे सोडवायला भाऊ टेम्पोत येऊन बसला आणि तिथेच जेवला.

प्रत्येकीकडे कारण होते, आणि प्रत्येक कारणात थोडे तथ्य होते. खुद्द मंजुळाला आता कळेना की आपण खोटे बोलतोय की खरे. मीठ राहिले होते हे खरे. गोंद मेला होता हेही खरे. मग देवी त्यामुळेच पडत नसेल कशावरून? रात्रंदिवस तिच्या डोक्यात काटा-मखमल चाले. एकदा धीर करून ती म्हणाली, "अवो, त्या बांधाला जरा हळू घेतली तर?"

पुंडलिकने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "हळू घेतली तर उलटंल. तुला नाय कळायचं."

यापुढचे वाक्य तिला येत होते. पण त्या वाक्याच्या पलीकडे उपडी होडी होती आणि तिच्याशेजारी बसलेली पाठ होती.

मग शालू यायची बंद झाली. दुसऱ्या एकाचा टेम्पो शेजारच्या गावाहून येई, त्यातून जाऊ लागली. "माजी मावसबहीण बसते त्यात," तिने सांगितले. दोन दिवसांनी आणखी एकीला अचानक मावसबहीण निघाली. पुंडलिक रिकाम्या झालेल्या बाकड्याकडे बघे आणि पाठ करून बसे. मंजुळाला त्या पाठीची ओळख होती.

"जमुने, तू तरी सोडू नकोस," बाजारात तिने शेवटी म्हटले.

जमुना सुरी पुसत होती. "मी सोडत नाय गो. पन माजी कंबर सोडते. मासळी घरातून निघते पापलेट, नि बाजारात उतरते चटणी. तांडेलाला सांगायला पायजे कुणीतरी."

"सांग की मग."

"मी? माज्या घरधन्याला त्याने दर्यातून आणला. त्याला मी काय सांगू, तुला सुकाणू धरता येत नाय? तू सांग. नवरा तुजा."

"तांडेल तुमचा."

"काशीआत्याला सांगायला लाव."

काशीबाई लगेच म्हणाली, "मला कमी ऐकू येतं हल्ली."

तिघी थोडा वेळ माश्या हाकत बसल्या. मग मंजुळाने मनाशी ठरवले. वस्तू पडल्या नाहीत तर बोलायचे कारणच उरणार नाही. कारण उरले नाही तर बायका येतील, बायका आल्या तर बाकडी भरतील. तिला हे इतके सरळ वाटले की आपण आधीच का केले नाही याचे नवल वाटले. पाटी जमुनाकडे सोपवून ती एकटीच चंद्रभानकडे गेली.

"सगळ्यात पक्की द्या," ती म्हणाली. "देवाला पन हलवता येणार नाय अशी."

चंद्रभानने वरच्या फळीवरून एक काळी गुंडाळी काढली. कुठल्याशा कारखान्याचा उरलेला माल, म्हणाला. यात काटा नव्हता, मखमल नव्हती. दोन्ही बाजू एकसारख्या. जवळून पाहिले तर पावसाळ्यात बांधावर अळंबी उगवतात तशा इवल्या छत्र्यांचे रानच. एकावर एक दाबले की छत्रीत छत्री अडकून टक्‌ असा आवाज येई.

"म्हंजे नवरा-बायकोचं भांडण नाय?"

"दोनों बराबर. पण भाभी, ही रोज काढायची नाही. हे मशीनचं झाकण लावायला. रोज काढायचं त्याला ती जुनीच बरी. जसं काम तशी पट्टी घ्यावी. ताकदीची घेऊन काय होतं?"

"माजं काम न पडायचं हाय."

चंद्रभान पट्टी कापता कापता थांबला. "इतनी बार गिरता है?" त्याने विचारले. "हजार गाड़ीवाले आते हैं मेरे पास. कुणाचं इतकं पडत नाही. भाभी, गाडी कोण चालवतं?"

मंजुळाने पदर डोक्यावर सारखा केला. "पट्टी द्या," ती म्हणाली. "उशीर होतो."

या वेळी तिने सगळे एकटीने केले. पत्रा स्पिरिटने पुसला, फडक्याने कोरडा केला, पट्टी तळहाताने दाबून धरली. टक्‌, टक्‌, टक्‌. देवी बसली. घड्याळ, पंखा, डबी बसली. एक दिवस टेम्पो बाहेर काढू दिला नाही. संध्याकाळी घड्याळ घरी न्यायला गेली तर ते हलेना. देवीही हलेना. पाय लावून ओढायचा धीर देवीच्या बाबतीत कसा करणार. तेव्हा तिने टेम्पोतच दिवा लावला, हात जोडले आणि किती वाजले तेही तिथेच बघून आली. शेजारीण म्हणाली, "बिऱ्हाड हलवलंस काय गो?"

मग ती दारोदार फिरली. शालूकडे गेली, त्या दुसऱ्या मावसबहीणवालीकडे गेली. "एकच खेप या," तिने सांगितले. "पट्टी नवी हाय. बघा, आनि मग कुठं जायचं ते जा."

शालू कां-कूं करत होती. पण काशीबाईला त्या वेळी नीट ऐकू आले. "सगळ्या येतील," ती म्हणाली. "सकाळी बाकडं भरलेलं दिसलं पायजे."

सकाळी बाकडी भरली. पुंडलिकने मागे वळून एकदा सगळ्यांकडे पाहिले, पंखा सुरू केला, देवीच्या पाया पडला आणि निघाला. वाटेत वळणे आली, टेम्पो भलतीकडे जाऊन परत आला. खड्डे आले. समोरच्या पत्र्यावर काही हलले नाही. "धरते गो," जमुना कुजबुजली. "धरते," शालूने पुढे सांगितले. बायकांनी एकमेकींच्या मांडीवर थापा दिल्या.

मग कुंभवली आले. फाटकासमोरचा बांध दिसला. बायकांनी सवयीने पदर खोचले, पाटीला हात घातले, डोळे मिटले. मंजुळाने मिटले नाहीत. तिने देवीकडे टक लावली. पुंडलिकने खांदे सरळ केले, नाकपुड्या फुगवल्या, आणि बाकडी भरली होती म्हणून असेल किंवा नव्या पट्टीचा भरवसा म्हणून असेल, मूठ नेहमीपेक्षा जास्त पिळली.

टेम्पो गेला. बराच वेळ गेला. मग आला.

त्याने इंजिन बंद केले. टेम्पो आपल्या वेगाने घरंगळत जाऊन एका बाभळीखाली थांबला. धूळ बसली. काशीबाई शालूच्या मांडीवर लेकरासारखी आडवी होती. जमुना स्वतःच्याच पाटीत बसली होती आणि तिची मासळी समोरच्या बाकड्यावर, जमुनाच्या जागी. मावसबहीणवाली दोन बाकड्यांच्या मध्ये उकिडवी, तिच्या डोक्यावर दुसऱ्याच कुणाची पाटी उपडी. एक बोंबील उडून पुढे पंख्याच्या जाळीवर पडला होता आणि वाऱ्याने त्याची शेपटी हलत होती.

पंखा जागेवर होता. देवी जागेवर होती. घड्याळ भिंतीवर असावे तसे टिकटिकत होते. डबीचे झाकणसुद्धा उघडले नव्हते.

"काय पडलं?" पुंडलिकने नेहमीप्रमाणे विचारले आणि मागे वळला.

बायका आपापले पदर शोधत होत्या.

"देवी?"

"जागेवर," काशीबाई शालूच्या मांडीवरून म्हणाली.

"घड्याळ?"

"तेबी जागेवर."

त्याने हात घालून घड्याळ ओढले. पत्रा थोडा पुढे आला, घड्याळ नाही आले. "मग गोंद?"

"पक्का हाय," पाटीतून जमुना म्हणाली.

"पट्टी?"

"पट्टीला नाव ठेवायला जागा नाय."

पुंडलिकने एकेकीकडे पाहिले. कुठली बाई कुठे आहे, कुठली पाटी कुणाची, हे जुळवायला त्याला वेळ लागला. "मग तुमी कशा पडल्या?"

शालूने तोंड उघडले. "बाकड्याला पन जरा पट्टी..." ती म्हणू लागली. काशीबाईने खालूनच तिला चिमटा काढला.

मग सगळ्यांनी मंजुळाकडे पाहिले. पहिल्या दिवशी पाहिले होते तसेच. मंजुळाने खारी हवा आठवून पाहिली, मासळीचे तेल आठवून पाहिले, उन्हाळ्यातली पट्टी आठवून पाहिली. एकही उपयोगाचे नव्हते. तिने स्वतःच्या हाताने, स्पिरिटने पुसून, सगळी कारणे संपवली होती. केसांतला बोंबील काढून तिने पाटीत टाकला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. निदान ते तोंड होते, पाठ नव्हती.

"अवो," ती म्हणाली, "पट्टीचं काय नाय. तुमाला गाडी येत नाय."

पुंडलिक तिच्याकडे बघत राहिला, मग काशीबाईकडे, मग जमुनाकडे. जमुना आपल्या पाटीत बसल्या बसल्या खाली बघत होती. शालू घड्याळात किती वाजले ते फार लक्ष देऊन बघत होती.

"तुमाला सगळ्यांना ठाऊक व्हतं?" त्याने विचारले.

"पैल्या दिसापासून," काशीबाई म्हणाली.

पुंडलिकने टोपी काढून तोंड पुसले. पुढची जागा सोडून तो उठला, मागे आला, बाकड्यावरची मासळी हाताने बाजूला सारली आणि बायकांच्या मध्ये जाऊन टेकला. किती दिवसांनी असा श्वास सोडला असेल कुणास ठाऊक.

"मला वाटत व्हतं," तो म्हणाला, "मलाच एकट्याला ठाऊक हाय."